चिपाड का पुरत नाही? गुऱ्हाळातल्या एका आधणाचा उष्णतेचा पूर्ण हिशोब

कोल्हापूर भागात एका काहिलीच्या, म्हणजे रस आटवायची एकच मोठी कढई असलेल्या, जुन्या गुऱ्हाळांवर एक तक्रार हंगामभर ऐकू येते: उसाचं चिपाड, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, त्याच उसाच्या रसाला पुरत नाही. शेवटच्या आधणाला (एका वेळी काहिलीत आटवायच्या रसाला) जळण कमी पडतं, मग लाकूड विकत आणावं लागतं. काही ठिकाणी जुने टायरही चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जातात. त्यातल्या गंधकाचा आणि काजळीचा त्रास जाळ घालणाऱ्या गड्याला होतो, शेजारच्या वस्तीला होतो आणि उघड्या काहिलीतल्या गुळालाही होतो. म्हणून जळणाच्या तुटीकडे नुसता खर्चाचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हा प्रश्न फार नीटस आहे. जळण आणि ज्यासाठी जळण हवं तो रस, दोन्ही एकाच मोळीतून येतात. त्यामुळे सरळ विचारता येतं की एका उसात स्वतःचा रस आटवण्याइतकी उष्णता आहे का, आणि असेल तर ती जाते कुठे. उत्तरासाठी अकरावी-बारावीच्या पुस्तकातल्या संकल्पना पुरतात: विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा, ज्वलनाची एन्थाल्पी, उकळबिंदूतली वाढ.

हिशोबासाठी एक प्रातिनिधिक आधण घेऊ. आकडे गोल केले आहेत. ज्याला आपल्या गुऱ्हाळाचा हिशोब करायचा आहे त्यानं ताणकाटा, ब्रिक्समापी (रसात विरघळलेले घन पदार्थ मोजणारं साधन) आणि तापमापी घेऊन आपले आकडे याच जागी घालावेत.

एक आधण

ऊस १,५४० किलो. चरकातून निघालेला रस १,००० किलो, म्हणजे उतारा ६५ टक्के. मागे राहिलेलं ओलं चिपाड ५४० किलो. रसाचं ब्रिक्स १९, म्हणजे १,००० किलोत १९० किलो विरघळलेले घन पदार्थ आणि बाकी पाणी. तयार गुळात ५ टक्के पाणी धरलं तर गूळ २०० किलो. मळीबरोबर, म्हणजे रस तापताना वर येणाऱ्या गाळाबरोबर, थोडे घन पदार्थ जातात, ते इथे सोडून दिले आहेत. तेव्हा आटवायचं पाणी ८०० किलो.

ओल्या चिपाडात साधारण निम्मं पाणी असतं: २७० किलो कोरडा भाग, २७० किलो पाणी. अंगणात पसरून १० टक्के ओलाव्यावर आणलं की त्याचं वजन ३०० किलो भरतं.

या २७० किलो कोरड्या भागात तंतू सुमारे २०७ किलोच आहे. उरलेले ६३ किलो म्हणजे चरकातून न निघालेल्या रसातले घन पदार्थ, त्यात बहुतेक साखर. साखर जळते आणि किलोला साडेसोळा मेगाज्यूल उष्णता देते, पण इतकं महाग जळण कुणी मुद्दाम घेणार नाही. या गोष्टीकडे शेवटी परत यावं लागेल.

रसाला किती उष्णता लागते

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथे साधं पाणी १०० अंशांना नाही, सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. रस २५ अंशांवर काहिलीत आला असं धरू.

पहिला टप्पा तापवण्याचा. १९ ब्रिक्सच्या रसाची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, किलोला दर अंशामागे ३.७ किलोज्यूल. १,००० किलो × ३.७ × ७३ अंश = २,७०,००० किलोज्यूल, म्हणजे २७० मेगाज्यूल.

दुसरा टप्पा आटवण्याचा. ९८ अंशांच्या पाण्याची ९८ अंशांचीच वाफ करायला किलोला २.२६ मेगाज्यूल लागतात. ८०० किलोला १,८०८ मेगाज्यूल. इथे तापमापीचा पारा जवळजवळ हलत नाही. दोन तास जाळ चालू असतो आणि रस जेमतेम अंश-दोन अंश वर सरकतो. ही उष्णता पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध तोडून त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्ची पडते, रेणूंची गती वाढवण्यात नाही. म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

तिसरा टप्पा पाकाचा. ९८ वरून ११६ अंशांपर्यंत, उरलेलं वजन २१५ किलोच्या आसपास, उष्माधारकता २.३. सगळे मिळून ९ मेगाज्यूल.

बेरीज २,०८७ मेगाज्यूल. त्यातला ८७ टक्के भाग दुसऱ्या टप्प्याचा आहे. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पाक सगळ्यात गरम होतो त्या शेवटच्या १८ अंशांना अर्धा टक्काही उष्णता लागत नाही, आणि पारा स्थिर असतो त्या काळात जवळपास सगळं जळण संपतं.

अगदी शेवटचं १२-१५ किलो पाणी खरं तर चुलीवर जातच नाही. पाक वाफ्यात, म्हणजे तो गार करायच्या उथळ हौदात, ओतून हलवताना तो ११६ वरून ६० अंशांपर्यंत उतरतो, आणि त्याच्या अंगची उष्णताच ते पाणी उडवते. स्फटिक बनताना आणखी थोडी उष्णता सुटते, तीही कामी येते. वाफ्यात पाक नुसता पडून राहिला तर वरची साय घट्ट होते, वाफ आत कोंडते आणि ढेप ओलसर राहते. म्हणून हलवण्याचं काम नेटानं करायचं असतं. हिशोबात मात्र सगळं पाणी चुलीवरच गेलं असं धरलं आहे, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल.

चिपाड किती उष्णता देतं

‘चिपाडात उष्णता साठलेली असते’ हे वाक्य सोयीचं आहे, पण अर्धवट आहे. नुसत्या चिपाडातून काहीच बाहेर पडत नाही. चिपाडातले कार्बन-हायड्रोजनचे बंध आणि ऑक्सिजनचा बंध तोडायला आधी ऊर्जा घालावी लागते. नंतर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे, जास्त बळकट बंध तयार होतात तेव्हा घातली त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा परत मिळते. हा फरक म्हणजे ज्वलनाची उष्णता. ती जळण आणि हवा या जोडीची असते, आणि हवेचा वाटा विसरला गेला की काय होतं ते पुढे दिसेलच. सुरुवातीची ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, पेटत्या काडीनं मिळते. एकदा जाळ लागला की तो स्वतःच पुढच्या चिपाडाला ती पुरवतो.

कोरड्या, राखेसह चिपाडात वजनानं कार्बन सुमारे ४७ टक्के, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ४४ आणि राख ३ टक्के धरू. त्याचं स्थूल उष्मांक मूल्य किलोला १८.३ मेगाज्यूलच्या आसपास येतं. ‘स्थूल’ म्हणजे जळताना तयार झालेल्या पाण्याची वाफ पुन्हा पाणी झाली असं मानून. धुराड्यातून तर वाफच जाते. एक किलो कोरडं चिपाड जळताना त्यातल्या ६० ग्रॅम हायड्रोजनचं ५४० ग्रॅम पाणी होतं, आणि ते वाफ राहिल्यामुळे १.३ मेगाज्यूल हाती लागत नाहीत. उरतात १७. हे निव्वळ मूल्य.

आता ओलावा. उन्हात वाळवलेल्या, १० टक्के ओलाव्याच्या एका किलोत कोरडा भाग ०.९ किलो, त्याचे १५.३ मेगाज्यूल. त्यातून ०.१ किलो पाण्याची वाफ करायला ०.२४ वजा. हाती १५. चरकातून निघालेल्या ओल्या चिपाडाच्या एका किलोत कोरडा भाग ०.५ किलो, त्याचे ८.५ आणि पाण्यापायी १.२ वजा. हाती ७.३.

म्हणजे आधणाचं सगळं चिपाड ओलंच जाळलं तर ५४० × ७.३ = सुमारे ३,९४० मेगाज्यूल, आणि वाळवून जाळलं तर ३०० × १५ = ४,५०० मेगाज्यूल. ऊन दर आधणामागे २४० किलो पाणी उडवून साधारण ५८५ मेगाज्यूलचं काम फुकट करतं. सगळा रस थंडाचा उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते तिच्या दुपटीहून हे जास्त आहे. पावसाळी हवेत किंवा गंजी भिजल्यावर चुलवाण ‘धरत’ नाही, त्याचं पहिलं कारण हेच. दुसरं असं की ओल्या चिपाडाचा जाळ थंड असतो. थंड जाळात ज्वलन पुरं होत नाही, त्यामुळे वरच्या आकड्याहून प्रत्यक्ष नुकसान मोठं असतं.

गंजीतल्या चिपाडाचा ओलावा काढायला एक किलोचा नमुना १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा. भट्टी नसेल तर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हांत वाळवून पुन्हा तोलावा. उन्हात अखेरचे काही टक्के ओलावा राहतोच, पण तुलनेला ते पुरतं. नमुना गंजीच्या वरच्या थरातून घेऊ नये. वरचा थर नेहमी कोरडा असतो.

म्हणजे उसात उष्णता आहे

लागतात २,०८७, हाती आहेत ४,५००. चुलवाणानं यातले ४६.४ टक्के काहिलीला दिले तर चिपाड बरोबर पुरेल. त्याहून जास्त दिले तर शिल्लक पडेल.

आपल्या प्रकरणात प्रत्यक्षात ४३६ किलो वाळलेलं चिपाड लागतं आहे असं समजा. ४३६ × १५ = ६,५४० मेगाज्यूल घातले आणि २,०८७ कामी आले. कार्यक्षमता ३२ टक्के. तूट १३६ किलोची, म्हणजे आधणाचं जवळपास एक-तृतीयांश जळण बाहेरून आणावं लागतं. ऊर्जा नाहीशी तर होत नाही. मग ६८ टक्के कुठे आहे?

धुराड्यातून जाणारी हवा

एक किलो वाळलेलं चिपाड पुरतं जळायला किती हवा लागते ते वरच्या घटकांवरून काढता येतं. ०.९ किलो कोरड्या भागातल्या कार्बन आणि हायड्रोजनला लागणाऱ्या ऑक्सिजनमधून चिपाडाचा स्वतःचा ऑक्सिजन वजा केला की १.१६ किलो उरतो. हवेत वजनानं २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून हवा ५ किलो. ही नेमकी गरज. इतक्याच हवेवर कुठलीही चूल नीट जळत नाही, कारण हवा आणि ज्वालाग्राही वायू एकमेकांत पुरते मिसळत नाहीत. दीडपट हवा दिली, म्हणजे साडेसात किलो, तर चिपाड चांगलं जळतं.

उघड्या तोंडाच्या चुलवाणात हवा बेतानं जात नाही. धुराडं ओढ लावतं, तोंड सताड उघडं असतं, आणि गरजेच्या अडीचपट, साडेबारा किलो हवा सहज आत जाते. जास्तीची साडेसात किलो हवा ज्वलनात कसलाही भाग घेत नाही. ती २५ अंशांना आत येते, जाळाची उष्णता घेते आणि धुराड्यातून ५०० अंशांना बाहेर पडते. बाहेर पडणारा वायू किलो चिपाडामागे १३.५ किलो, त्याची उष्माधारकता सुमारे १.१ किलोज्यूल. १३.५ × १.१ × ४७५ = ७,०५० किलोज्यूल. पंधरापैकी सात मेगाज्यूल, म्हणजे ४७ टक्के, आकाश तापवण्यात जातात.

हेच गणित दीडपट हवेला करा. वायू ८.५ किलो, धुराड्याचं तापमान तेच ५०० अंश: ४,४४० किलोज्यूल, ३० टक्के. फक्त हवा आवरली की १७ टक्क्यांचा फरक पडतो. जळण तेच, काहील तीच. या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. तूट चिपाडाची नाही, हवेच्या जास्तीची आहे.

गुऱ्हाळावर चिपाड संपताना डोळ्यांना दिसतं, हवा दिसत नाही, म्हणून आजवर उपाय नेहमी चिपाडाच्या बाजूनं शोधला गेला. धुराड्यात ऑक्सिजनमापीची नळी घातली तर हवाही दिसते. अडीचपट हवेला धुरात सुमारे १२.६ टक्के ऑक्सिजन मिळतो, दीडपट हवेला ७ टक्के. अशी मोजणी करणारं यंत्र बॉयलर तपासणाऱ्या माणसांकडे असतं. दिवसभरासाठी बोलावलं तरी पुरे.

उरलेल्या गळत्या लहान आहेत. अर्धवट ज्वलन आणि राखेत जाणारं न जळलेलं चिपाड मिळून ६ टक्के. कार्बनचा एक मोल पुरा जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ३९३.५ किलोज्यूल मिळतात, पण कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला तर ११०.५ च. कार्बनचा दहावा हिस्सा असा अर्धवट राहिला तरी किलो चिपाडामागे एक मेगाज्यूल बुडतो. भिंती, जमीन आणि काहिलीच्या कडेनं जाणारी उष्णता मिळून १५ टक्के. ४७, ६ आणि १५ ची बेरीज ६८. हिशोब जुळला.

पहिल्या आधणाला मात्र यापेक्षा जास्त जळण लागतं. चुलवाणाच्या दोन टन विटा-माती सरासरी ३०० अंशांनी तापायला ५०० मेगाज्यूल लागतात, म्हणजे निदान ३४ किलो चिपाड नुसतं चूल तापवण्यात जातं. मध्ये खंड न पाडता एकामागून एक आधणं घेतली की हा खर्च एकदाच पडतो.

काय बदलायचं

आधी जाळ घालण्याची रीत, कारण तिला पैसे लागत नाहीत. ४३६ किलो अडीच तासांत म्हणजे मिनिटाला जवळजवळ तीन किलो. सवयीनं गडी आठ-दहा किलोंची कवळी एकदम कोंबतो आणि तीन मिनिटं दुसरीकडे वळतो. कवळी पडताच तिच्यातून वायूंचा लोंढा सुटतो, त्या क्षणाला हवा कमी पडते आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. दोन मिनिटांनी कवळी जळून जाते, जाळीवर भोकं पडतात आणि तिथून गार हवा सरळ धुराड्याकडे धावते. एकाच फेरीत आधी हवेची तूट आणि मग हवेची उधळण. दर अर्ध्या मिनिटाला किलो-दीड किलो चिपाड जाळीवर पसरून घातलं तर दोन्ही टळतं. हे काम कष्टाचं आहे, जाळासमोर सतत उभं राहावं लागतं. म्हणून दोन गड्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी करावी. एकट्यावर टाकलं की तिसऱ्या आधणाला जुनी रीत परत येते.

मग तोंडाला झाकण आणि धुराड्यात सरकती पत्र्याची झडप. तोंड फक्त चिपाड घालताना उघडायचं. हवा जाळीखालून, राखेच्या खड्ड्याच्या बाजूनं येऊ द्यायची, म्हणजे ती जळत्या थरातून गाळून वर जाते. झडप एकदम बंद करू नये. पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करावी आणि धुराड्याकडे पाहत बोट-बोटभर सरकवावी. धूर पारदर्शक आहे तोवर चालेल. करडा होऊ लागला की बोटभर मागे घ्यावी, तीच त्या चुलीची जागा. अगदी स्वच्छ, नजरेला न दिसणारा धूर ही कौतुकाची गोष्ट नसते. बहुतेक वेळा तो हवा फार जास्त असल्याचा पुरावा असतो.

झडप जास्त दाबली तर काय होतं हे माहीत असलंच पाहिजे. चुलवाणात कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तोंडाचं झाकण उघडताच आत हवा शिरते आणि ज्वाळ भपकन बाहेर येते. म्हणून झाकण उघडण्याआधी झडप मोकळी करायची, बाजूला उभं राहूनच झाकण सरकवायचं, आणि झडपेला कधीही पुरती बंद न होणारी अटक ठेवायची. पत्र्यात हाताच्या पंजाएवढं भोक कापलं तरी अटकेचं काम होतं.

हवा आवरल्यावर हातात आलेले १७ टक्के सगळेच्या सगळे काहिलीला मिळत नाहीत. जाळ जास्त तापतो, त्यामुळे भिंतींतून जाणारी उष्णताही थोडी वाढते. त्यातले १२ टक्के काहिलीत पोचले असं धरू. कार्यक्षमता ४४ टक्के, किलोला ६.६ मेगाज्यूल. आता २,०८७ भागिले ६.६ म्हणजे ३१६ किलो. तूट १३६ वरून १६ किलोवर आली.

उरलेल्या १६ किलोंसाठी रस आधीच तापवून घ्यायचा. धुराड्याकडे जाणाऱ्या नळीवर दुसरी, उथळ काहील बसवली की पुढच्या आधणाचा रस तिथे २५ वरून ७० अंशांवर येतो. त्याला १६६ मेगाज्यूल लागतात, आणि ते देताना धुराचं तापमान ६० अंशांनी उतरतं इतकंच. ओढ त्यानं बिघडत नाही. मुख्य काहिलीला आता १,९२१ मेगाज्यूल पुरतात, म्हणजे २९१ किलो चिपाड. तीनशेच्या आत.

या उथळ काहिलीत रस रात्रभर ठेवायचा मोह मात्र टाळावा. कोमट रसात जंतू झपाट्यानं वाढतात आणि आम्लता वाढते. आम्ल आणि उष्णता मिळून साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात, आणि तो गूळ घट्ट बसत नाही. रस तिथे एका आधणापुरताच, तोही ७० अंशांच्या दिशेनं चढता राहिला पाहिजे.

काहिलीचा तळ बाहेरून काजळीनं आणि आतून चुन्याच्या थरानं जाड होतो. दोन्ही उष्णतेला अडवतात. दर आठवड्याला खरवडून काढावेत.

जाळ कमी करण्याची वेळ

जाळ सुधारला की एक नवी अडचण येते, आणि ती ठाऊक नसेल तर पहिल्याच दिवशी आधण करपतं. अडीच तासांत २,०८७ मेगाज्यूल म्हणजे काहिलीला सेकंदाला २३२ किलोज्यूल मिळतात. या वेगानं मिनिटाला सहा किलो पाणी उडतं. सुरुवातीला हजार किलोंतले सहा किलो गेले तर काही कळत नाही. शेवटी पाक ८५ टक्के घट्ट असताना एकूण वजन २२३ किलो असतं, आणि ८८ टक्क्यांना ते २१६ किलो. मधलं अंतर साडेसात किलो पाण्याचं. पूर्ण जाळावर ते सव्वा मिनिटात पार होतं आणि त्या सव्वा मिनिटात पारा सहा-एक अंश चढतो. काकवीच्या (पातळ गुळाच्या) पुढे पाक हाताबाहेर जातो तो यामुळे.

त्यात पाक घट्ट झाल्यानं तळाचा थर वर यायला वेळ लागतो. तापमापी ११४ दाखवत असताना तळाशी त्याहून बरंच जास्त असतं. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरायला लागतं, म्हणून करपण्याची सुरुवात तळापासून होते आणि गूळ काळपट येतो. चिपाड घालणं बंद केलं तरी तापलेल्या विटा उष्णता देत राहतात. तेव्हा चिपाड थांबवायचं ते पारा १०६ च्या पुढे जाताच, आणि झडप त्याच वेळी मोकळी करायची. इथे जास्तीची गार हवा उपयोगाची आहे, ती चुलवाण थंड करते.

उलट टोकाला जाऊन सगळं आधण मंद जाळावर चार तास शिजवलं तरीही नुकसान होतं. साखरेचे तुकडे होण्याची अभिक्रिया वेळ मिळाल्यावर पुढे सरकते आणि गूळ मऊ पडतो. चुन्याची निवळी घालून आम्लता आधीच उतरवलेली असेल तर हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मधला काळ जोमदार जाळ आणि शेवटी झटकन माघार, हीच रीत बरोबर. मळी काढायच्या वेळी, उकळी फुटायच्या आधी, जाळ थोडा धरून ठेवावा. उकळ्या जोरात फुटल्या की रस साफ करायला घातलेल्या भेंडीच्या चिकानं धरून आणलेली मळी पुन्हा रसात मिसळते.

तापमापीवर एक काम रोज सकाळी करायचं: ती साध्या उकळत्या पाण्यात धरायची. कोल्हापुरात तिनं ९८ च्या आसपास दाखवलं पाहिजे. गुळासाठी कुणी ११८ सांगतं, कुणी ११६. आकडा कुठल्या उंचीवर मोजला त्यावर तो बदलतो. पाकाचा घट्टपणा ठरवतो तो साध्या पाण्याच्या उकळबिंदूपासूनचा फरक. शुद्ध साखरेच्या पाकात हा फरक १८ अंश असेल तर घनपदार्थ ८७-८८ टक्के असतात. रसातली इतर साखर आणि क्षार तो फरक थोडा वाढवतात, म्हणून शेवटचा निर्णय गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून, गोळी पाहूनच घ्यावा. गोळी पाहायला कधी सुरुवात करायची हे तापमापी सांगते. चांगला गुळव्या डोळ्यांनी आणि फेसाच्या आवाजानं तेच ओळखतो. तापमापी त्याच्या जोडीला असावी, त्याच्या जागी नाही.

नवा चरक घेण्याआधी

चिपाडात ६३ किलो घन पदार्थ जळतात हे कळल्यावर पहिला विचार जास्त दाबाच्या चरकाचा येतो. उतारा ६५ वरून ७० टक्क्यांवर गेला तर त्याच १,५४० किलो उसातून १,०७८ किलो रस आणि २१५ किलो गूळ मिळेल. पंधरा किलो जास्त. पण रस वाढला की उष्णतेची गरज २,२५० मेगाज्यूलवर जाते, आणि चिपाड घटून वाळल्यावर २८४ किलोच भरतं, म्हणजे ४,२६० मेगाज्यूल. आता ५३ टक्के कार्यक्षमता हवी. जुन्या ३२ टक्क्यांच्या चुलवाणावर असा चरक बसवला तर ४६९ किलो चिपाड लागेल आणि तूट १३६ वरून १८५ किलोंवर जाईल. ‘नवा चरक घेतल्यापासून जळण पुरेना’ ही तक्रार इथून येते. दोष चरकाचा नसतो.

हवा आवरलेल्या आणि रस आधी तापवणाऱ्या चुलवाणावर तोच चरक बसवला तर ३१४ किलो लागतील आणि तूट ३० किलोंची राहील. तीस किलो चिपाड किंवा त्याच्या तोडीचं लाकूड विकत घेऊन पंधरा किलो गूळ जास्त मिळत असेल तर तो सौदा परवडतो. तेव्हा क्रम असा: आधी गंजी कोरडी, मग झडप आणि जाळ घालण्याची रीत, मग रसाची उथळ काहील, आणि चरक सगळ्यात शेवटी.